परड्यातल्या पपनसाची चौकशी करणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण ट्रान्सप्लांट वॉर्डात तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायलाच हवं.

कॅन्सर झालेल्या भावाला माझा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, द्यायचा ठरला तेव्हा मला एकच काळजी होती, त्याचं शरीर माझ्या पेशी स्वीकारेल ना? मग डॉक्टरांनी सांगितलं की उलटंही होतं. दात्याच्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, नव्या शरीरालाच परकं समजतात आणि कातडी, आतडी, यकृत यांच्यावर उठतात. जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज) म्हणतात त्याला. आपलंच रक्त भावाच्या जिवावर उठेल, या विचाराने माझी झोप उडाली. ते तुमच्या लक्षात आलं. रात्रपाळीत तुम्ही मला बाहेर बसवून म्हणालात, "तुझ्या पेशी वाईट नाहीत गो. नवीन सून कशी सासरी बावरते, तशा बावरतात. त्यांना सांभाळून घ्यायचं."

आम्हा भावंडांच्या पेशींचा मॅच अर्धाच. म्हणून माझ्या पेशींना आवरायला आधी सायक्लोफॉस्फामाइड, मग टॅक्रोलिमस, अशी औषधं. हे टॅक्रोलिमस टी पेशींच्या आतला निरोपच अडवतं. कॅल्सिन्युरिनचं काम थांबलं की पेशींना वाढायला सांगणारं आयएल-२ हे प्रथिन पुरेसं तयार होत नाही आणि पेशींची फौज वाढत नाही. पण त्यांना पार झोपवूनही चालत नाही, कारण उरल्यासुरल्या कॅन्सरशी त्याच लढतात. सगळा खेळ औषधाच्या रक्तातल्या लेव्हलचा, हे तुम्ही मनावर ठसवलंत.

डिस्चार्जच्या दिवशी पथ्याचा छापील कागद मिळाला. तो सगळ्यांनाच मिळतो. तुम्ही मात्र आईजवळ बसलात आणि विचारलंत, "काकी, परड्यात काय काय झाडां आसत?" आई सांगत गेली, माड, पोफळी, फणस, रातांबे, पपनस. पपनस म्हणताच तुम्ही थांबवलंत. ते खाल्लं की आतड्यात औषध मोडण्याचं काम मंदावतं, लेव्हल चढते आणि मूत्रपिंडांवर येतं. आईला वाचायला जड जातं म्हणून लाल पेनाने कागदाच्या कडेला गोल पपनस काढलंत, देठ आणि दोन पानांसकट, आणि त्यावर फुली मारलीत. गणपतीत आमच्याकडे पपनस सोलून घरभर वाटतात. तुम्ही विचारलं नसतं तर भावालाही फोडी दिल्या असत्या.

हे लिहिताना राग येतो तो आधीच्या एका डॉक्टरांचा. हिरड्यांतून रक्त येत होतं, ताप हटत नव्हता, आणि ते टॉनिकच देत राहिले. रक्त तपासूया का विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर तुम्ही की मी?" शिक्षण त्यांचंही मोठं होतं. समोरच्याला दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, सिस्टर. माणूस म्हणून वागायला वेगळी डिग्री लागत नाही. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक वॉर्डात असायला हवीत.

२०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत अ‍ॅबाटासेप्ट या औषधाला, दाता नात्याबाहेरचा असेल तेव्हा, जीव्हीएचडी टाळण्यासाठी मान्यता मिळाली, असं वाचलं. टी पेशीला पूर्ण जागं व्हायला लागणारा दुसरा इशाराच ते रोखतं. अशा पेशंटांच्या घरची माणसं थोडी निवांत झोपतील, याचा फार आनंद झाला.

भावाची कातडी स्वच्छ आहे, जेवण जातं, गोळ्या हळूहळू कमी करताहेत. उन्हात निघताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, तुम्ही बजावल्याप्रमाणे. आईने तुमच्यासाठी कोकमाचं आगळ काढून ठेवलंय. पुढच्या तपासणीला आणतो, नको म्हणू नका.

तुमची,
डोनर बहीण, कणकवली