रविवारच्या पुरवणीत दहा माणसांचं प्रमाण द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं रेसिपीचं पान मी आधी वाचते आणि मग बाकीचा पेपर, म्हणून हे पत्र त्या पानाबद्दलच लिहितेय. पान छान असतं, फोटो तर फारच छान, पण बहुतेक रेसिप्या दोन नाहीतर चार जणांच्या असतात आणि साहित्यात एखादी तरी अशी गोष्ट असतेच की जिची बाटली एकदा उघडली की पुढे सहा महिने फ्रिजच्या दारात पडून राहते. आता रविवारी आपल्याकडे येतं कोण? दीर-जाऊ आणि त्यांची पोरं, ह्यांच्या ऑफिसातले दोघं-तिघं, सोसायटीतलं एखादं जोडपं, म्हणजे घरचे धरून दहा-बारा माणसं सहज होतात. त्या दहा जणांसाठी काय करायचं, किती करायचं आणि घरातल्या बाईचा अख्खा रविवार ओट्यापाशी न घालवता कसं करायचं, हे मला माझ्या मराठी पेपरात वाचायचंय.

लोकांना जेवायला घरी बोलवणं कमी झालंय हे तुम्हीही बघत असाल. वेळ नाही असं सगळे म्हणतात, पण माझं मत वेगळं आहे. पाहुणे म्हटले की दोन भाज्या, एक उसळ, कोशिंबीर, पोळ्या, साधा भात, मसालेभात, काहीतरी तळलेलं आणि वर गोड, एवढं झालंच पाहिजे असं डोक्यात घट्ट बसलंय, आणि ते एकटीच्या अंगावर येतं म्हणून मग ती म्हणते जाऊदे बाहेरच भेटू. बाहेर भेटलं की दीड तासात टेबल रिकामं करायचं असतं, मागे लोक वाट बघत उभे असतात, पोरं कंटाळतात, गप्पा काही होत नाहीत.

खरं तर आपल्याकडे मित्रमंडळी जमवून जेवायची जी जुनी रीत आहे ती एकाच पदार्थाभोवतीच आहे. सोलापूर-नगरकडे हुरडा असतो, ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, गरम गरम चोळून द्यायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बस. रायगडात अलिबागच्या बाजूला थंडीत पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कोणी अंडी नाहीतर चिकन घालतं, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा आणि सगळ्यांनी गोल करून बसायचं. आमच्या खानदेशात भरीत पार्टी. यातल्या कुठल्याही जेवणात पाच वाट्या मांडलेलं ताट नाही आणि कोणी एक बाई आत आणि बाकीचे बाहेर असंही नाही. हेच आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात आणायचंय.

भरिताबद्दल थोडं सांगते कारण ते माझं माहेरचं आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, फिकट हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं, आसोदा-बामणोदकडचं नावाजलेलं. शेतात ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. घरी गॅसवर भाजलं तरी चांगलं होतं, घाई मात्र करायची नाही. वांग्याला तेलाचा हात लावायचा, दोन-तीन ठिकाणी टोचायचं, मध्यम आचेवर फिरवत राहायचं, साल कोळशासारखी काळी होऊन सुटायला लागते आणि आतलं पाणी बर्नरवर चर्र चर्र गळतं तेव्हा देठाजवळ सुरी घालून बघायची, देठ मऊ झाला म्हणजे वांगं झालं. मग पातेल्यात घालून वर झाकण, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, साल हाताने निघते. नळाखाली धरून साल काढू नये, भाजल्याचा सगळा वास पाण्यात जातो. माणशी पाव किलो वांगं धरा, खाणारी मंडळी असतील तर दहा जणांना तीन किलो. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचायचा, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी असेल तर उत्तम, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, नाहीतर पुऱ्या. दहा जणांच्या भाकरी एकटीने थापत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आता गावोगाव पोळी-भाजी केंद्रं आहेत, बचत गटाच्या बायका भाकऱ्या करून देतात, आदल्या दिवशी फोन करून सांगायचं. त्यात कमीपणा काही नाही, उलट कोणाच्या तरी हाताला काम मिळतं.

आता प्रमाणाचं बोलते, कारण खरी अडचण तिथेच आहे. चार जणांची रेसिपी अडीचपट केली की दहा जणांची होते असं नसतं. मसालेभात घ्या. तोच मुख्य पदार्थ असेल तर दहा जणांना पाऊण किलो तांदूळ लागतो, साधारण पाच वाट्या, आणि तेवढ्याच वजनाची भाजी, तोंडली, मटार, वांगं, फ्लॉवर जे बाजारात चांगलं असेल ते. एका वाटीला आपण दोन वाट्या पाणी घालतो, पण पाच वाट्यांना दहा घातलं की गिचका होतो, कारण वाफ पातेल्याच्या तोंडावरून जाते आणि तांदूळ पाचपट झाला तरी पातेल्याचं तोंड काही पाचपट होत नाही. साडेआठ वाट्या उकळतं पाणी घालायचं, लागलंच तर अर्धी वाटी वरून. तेलाचंही तसंच, पाचपट लागत नाही. गोडा मसाला वाटीला एक चमचा घालत असाल तर पाच वाट्यांना चार घाला आणि चव बघून पाचवा. मीठ मात्र तांदळाच्या हिशोबातच, त्यात कंजुषी केली की एवढा मोठा भात अळणी होतो आणि वरून घातलेलं मीठ नीट मिसळत नाही. तांदूळ आंबेमोहोर किंवा जुना कोलम घ्यावा, इंद्रायणी मऊ आणि चिकट होतो, तो खिचडीला सुंदर, मसालेभाताला नको. सोबत किलोभर दह्याचा मठ्ठा, दहा पेले निघतात आणि थोडा उरतोही, काकडीची कोशिंबीर, भाजलेले पापड आणि गोड कोपऱ्यावरच्या दुकानातून. झालं जेवण.

आणि भात उरला तर तो रात्रीपर्यंत पातेल्यात तसाच ठेवू नका, ही सूचना तुम्ही रेसिपीखाली छापायलाच हवी. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. पसरट ताटात काढून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

मिसळीला सगळ्यात जास्त मागणी असते, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, आणि तिचं बरंचसं काम आधी उरकून ठेवता येतं. दहा जणांना अर्धा किलो मटकी भरपूर होते, मोड येऊन ती दुपटीच्या वर फुगते. शुक्रवारी रात्री भिजत घालायची, शनिवारी सकाळी उपसून पंच्यात घट्ट बांधायची, रविवारी सकाळी छान मोड आलेले असतात. थंडीच्या दिवसात पुरचुंडी कुकरमध्ये झाकण लावून ठेवायची नाहीतर मोड रुसतात. कांदा आणि सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण शनिवारी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवायचं, रविवारी सकाळी मिक्सरचा आवाज नको आणि भांड्यांचा ढीगही नको. एक गोष्ट जरूर करा, तिखट कट वेगळ्या पातेल्यात करा आणि मटकीची उसळ साधी कमी तिखट ठेवा, म्हणजे लहान मुलं आणि पोटाचा त्रास असणारी माणसं तीच उसळ खातात आणि ज्यांना नाकातून पाणी काढायचंय ते कट ओतून घेतात. फरसाण अर्धा किलो, पाव माणशी तीन, कांदा, लिंबू, दही. कोणी कांदा-लसूण खात नसेल, कोणाची चतुर्थी असेल तर ते आदल्या दिवशीच विचारून घ्यावं, फोडणी घालायच्या आधी थोडी उसळ बाजूला काढणं सोपं, नंतर काही करता येत नाही.

आणखी खूप पदार्थ आहेत, वरण-बट्टी आहे, पिठलं आहे (दहा जणांना तीन वाट्या बेसन, नऊ-दहा वाट्या पाणी), दडपे पोहे, शेवभाजी, मटणाचा रविवार असेल तर दोन किलो मटणाचा रस्सा आणि भाकरी. सगळ्यांत तत्त्व एकच, मुख्य पदार्थ एक, तो भरपूर आणि मन लावून केलेला.

कामाच्या वाटणीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. सोपा स्वयंपाक म्हणजे फक्त कमी साहित्याचा असं नाही, तो किती हातांनी होतो यावर त्याचं सोपेपण ठरतं. आमच्याकडे दीर मिसळीचा कांदा चिरतात, पोरं लिंबं कापून बिया काढतात, ज्याला काहीच येत नाही तो पाव शेकतो, आणि जेवण झालं की भांडी घासायला पुरुष मंडळी उठतात. सासूबाईंना हे सुरुवातीला आवडायचं नाही, अगं पाव्हण्यांना कामाला काय लावतेस म्हणायच्या, जाऊबाईंसमोर मला संकोचल्यासारखं व्हायचं. आता त्या स्वतःच लसणाची परडी घेऊन टेबलाशी बसतात आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात चार पाकळ्या ठेवतात, सोल म्हणतात, मग बोल. आलेल्या माणसालाही ते बरं वाटतं, सोफ्यावर अवघडून टीव्हीकडे बघत बसण्यापेक्षा हाताला काही असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. नवीन लग्न झालेल्या मुलामुलींना तर मी आवर्जून सांगेन की घर लहान आहे, डिनर सेट नाही, म्हणून थांबू नका, स्टीलच्या ताटल्या आणि जमिनीवर सतरंजी पुरते.

तर माझी विनंती अशी आहे की महिन्यातून एका रविवारी तरी तुमच्या पानावर दहा माणसांचा एक पदार्थ द्या, त्या महिन्यात बाजारात जी भाजी स्वस्त आणि ताजी असते तिचा, आणि साहित्य वाटी-चमच्यात द्या, सोबत किलोतही द्या म्हणजे सामान आणायला जाणाऱ्याला कळतं. शुक्रवारी काय, शनिवारी काय आणि रविवारी सकाळी काय करायचं हे वेगवेगळं लिहा. जिल्ह्याजिल्ह्यातून वाचकांना पाठवायला सांगा, विदर्भातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या बायका आणि पुरुष भरभरून लिहितील याची मला खात्री आहे, भरिताचं मी थंडी सुरू झाली की स्वतः पाठवते. फक्त एक बघा, रेसिपीवर वेळ छापताना निवडणं, सोलणं, चिरणं त्यात धरा. मागे मटाराच्या एका पदार्थावर वीस मिनिटं असं छापलं होतं, पण दहा जणांसाठी शेंगा सोलायला घेतल्या तर किलोभर शेंगांतून निम्म्याहून कमीच दाणे निघतात आणि नुसतं सोलण्यातच दोन माणसांचा अर्धा तास जातो, तो अर्धा तास कागदावर दिसला की घरातले बाकीचे मदतीला येतील.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक