बोटीवरची सहावी जागा

नाशिक
९ ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाच्या हातातल्या राखीचा फोटो मिळाला. इथे काल नारळी पौर्णिमेचा नारळीभात केला. गूळ जरा सढळ पडला, पण तुमच्या जावयांनी पुन्हा मागून घेतला. घर ठीक आहे. पाऊस लागून राहिलाय, गच्चीचं आउटलेट साफ करून घेतलं, मागच्या खोलीतली ओल यंदा कमी आहे.

आता मुद्द्याचं. रविवारी फोनवर बाबा म्हणाले की २४ तारखेला तिकडे सिएटलला सगळे बोटीने सामन (सॅल्मन मासा) धरायला जाताय, आई घरी थांबेल आणि तिची जागा दादाच्या ऑफिसातल्या कुणाला तरी दिली. मागून आईचा आवाज आला, “मला काय करायचंय तिथे.” आई, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसतेस तेव्हाही तू हेच म्हणतेस. म्हणून फोन न करता पत्र लिहितेय. फोन बाबांच्या हातात असतो आणि तुझ्या वाट्याला फक्त “हं” येतं. वहिनीला सांगितलंय, प्रिंट काढून तुझ्या हातात द्यायचं.

बाबा, आधी हिशोब. तिथे अशा छोट्या चार्टर बोटीवर कप्तानाला जास्तीत जास्त सहा माणसं घेता येतात. दादा, वहिनी, दोन पोरं, तुम्ही आणि आई. मोजून सहा. सातवा माणूस बसत नाही आणि सहावी जागा रिकामी नाही. ऑफिसातल्या भाऊंना दादा पुढच्या वेळी नेईल.

आणि समजा जागा कमी असतीच, तर घरी कोणी थांबायचं? हर्णैच्या बंदरावर लिलाव बघत वाढलेली बाई, की गंगापूर धरणाच्या काठावर दुपारभर गळ टाकून बसणारे मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतले साहेब? गळ टाकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या दुपारी आम्हालाही आवडायच्या. पण भरती-सुकती आकाशाकडे न बघता सांगणारं माणूस आपल्या घरात एकच आहे. आजी होती तोवर आपल्या घरात मासा उंबऱ्याच्या आत आला नाही. आईने ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणजे तिला समुद्राचं काही वाटत नाही असं आपण सगळ्यांनी सोयीने धरून चाललो.

हेच साल का, ते सांगते. तिथे समुद्रातून येणारे सामन पाच जातींचे: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. त्यातल्या पिंकचं आयुष्य दोन वर्षांचं. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, दोन वर्षांनी परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत हा मासा विषम सालीच येतो, तोही लाखांनी. सम सालात जवळजवळ नाहीच. मी गेले ते २०२३, यंदा २०२५. पुढची खेप थेट २०२७ ला. तोवर व्हिसा, तिकिटं, आईचे गुडघे, कशाचा भरवसा धरायचा?

श्रावणाचं तर आपोआपच जमलंय. श्रावण २३ तारखेला संपतो, २७ ला गणपती बसतात. मधला रविवार २४. दादाने मुद्दाम तारीख काढली असेल असं वाटत नाही, त्याला चतुर्थी कधी ते वहिनीच सांगते. पण यापेक्षा चांगला दिवस पंचांग बघूनही मिळाला नसता. एकच करा. कुठल्या भागात कुठली जात कधी धरायची आणि किती ठेवायची हे नियम दरवर्षी नवे निघतात आणि हंगामात मध्येच बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी दादाला मत्स्य खात्याचं पान उघडून बघायला लावा. लायसन्स पंधरा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला लागतं. आईच्या नावाचंही काढायला सांगा, एक दिवसाचं मिळतं. नाहीतर तिथे जाऊन ती नुसती डबे उघडत बसेल.

बाबा, तुमच्या सवयीबद्दल थोडं. गंगापूरला टोकाला जरा हललं की तुम्ही हिसका मारता. तिथे मारू नका. पिंकचं तोंड मऊ असतं, हिसक्याने फाटतं. शिवाय सामनसाठीच्या काट्याला उलटा दात ठेवायचा नाही असा नियम आहे. दोर क्षणभर जरी सैल पडला तरी मासा काट्यावरून सुटून जातो. जोर लावायचा नाही, ताण सोडायचा नाही, बस.

धरायची रीतही आपल्यापेक्षा निराळी. बोट अगदी हळू चालत राहते. मागे तारेला बांधलेला पाच-सहा किलोचा शिशाचा गोळा पाण्यात सोडतात आणि तुमचा दोर त्या तारेला एका चिमट्यात अडकवतात, म्हणजे आमिष हवं त्या खोलीवर राहतं. आमिषाच्या पुढे अकरा इंची चकचकीत पट्टी गरगर फिरत असते आणि तिच्यामागे गुलाबी रबरी माकूल (स्क्विड). हो, गुलाबीच. पिंकला गुलाबी रंग चालतो हे मला आधी कप्तानाची थट्टा वाटली होती. दांडी कठड्यावरच्या खोबणीत खोचलेली, दोराच्या ताणाने तिचं टोक पार पाण्याकडे वाकलेलं. मासा लागला की चिमटा सुटतो आणि ती वाकलेली दांडी एकदम ताठ उभी राहते. तो क्षण चुकवू नका. तेव्हा ओरडत बसायचं नाही, दांडी उचलायची आणि सैल पडलेला दोर भराभर रिळावर घ्यायचा, हाताला वजन लागेपर्यंत. मग मासा खाली पळतो, रीळ करकरतं, त्याला जाऊ द्यायचं. दमला की पुन्हा गुंडाळायचं. दादाने मागच्या वेळी मासा बोटीजवळ आल्यावर घाई केली. वहिनीने दांड्याची जाळी मागून नाही, डोक्याकडून घातली, म्हणून तो मासा घरी आला. दादा ही गोष्ट वेगळी सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सीलकडेही लक्ष असू द्या, गळाला लागलेला मासा ते अर्ध्या वाटेत पळवतात.

एखादा मासा सोडावा लागला तर कप्तानाशी वाद घालू नका. पाठीवर शेपटीच्या जरा अलीकडे सामनला एक छोटा, मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो लहानपणीच कापून टाकतात. म्हणजे पर नसेल तर मासा माणसाने वाढवलेला आणि असेल तर बहुधा नदीतला. प्युजेट साउंडचा नदीतला चिनूक १९९९ पासून कायद्याने धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. तो लागला तर बोटीत उचलून घ्यायलाही बंदी, पाण्यातच काटा काढून सोडायचा. फोटोसाठीसुद्धा वर घ्यायचा नाही.

बाबा, तुम्हाला खरी मजा बोटीपेक्षा दुसरीकडे येईल असं मला वाटतं. सिएटलमध्येच बॅलार्डला १९१७ साली सुरू झालेले लॉक्स आहेत. समुद्र आणि तळी यांची पाण्याची पातळी वेगळी, म्हणून बोटींना दरवाजांमधून चढवतात-उतरवतात. त्याच्या बाजूला माशांसाठी एकवीस पायऱ्यांचा जिना केलाय. पाणी पायरीपायरीने खाली येतं आणि मासा उलट्या प्रवाहात एकेक पायरी चढत जातो. तळाशी काचेच्या खिडक्या आहेत. ऑगस्टअखेर तिथे चिनूक दिसतात, हातभर लांबीचे, प्रवाहात तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत थांबलेले. तुम्ही आयुष्यभर धरणाच्या मातीची आणि गाळाची परीक्षा केलीत, पण मासा वर कसा जाणार हा प्रश्न आपल्याकडे कुणी तुम्हाला विचारला होता का? तिथल्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ साली बांधलेली दोन धरणं होती, मोठं २१० फुटी. माशांना वाट ठेवलीच नव्हती. खालचं धरण मुखापासून जेमतेम पाच मैलांवर, त्यामुळे शंभर वर्षं सामनना तेवढीच नदी उरली. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही पाडली. साठलेला गाळ वाहत समुद्राला मिळाला आणि मुखाशी नवा किनारा तयार झाला. दादाला गाडी काढायला लावा. लांब आहे, पण त्याने कुरकुर केली तर माझं नाव सांगा.

नद्यांच्या तोंडाशी जाळी लावलेली दिसली तर ती बहुधा तिथल्या मूळ जमातींची. १८५४-५५ च्या करारांत त्यांनी जमिनी दिल्या आणि मासेमारीचा हक्क राखला. पुढे तो पायदळी तुडवला गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा. आजही वाटणी त्याच निकालावर चालते. कोर्टाची निकालपत्रं चहाबरोबर वाचणारे तुम्ही, हे नक्की वाचा.

आई, आता तुझं. मासा बोटीत आला की लगेच कल्ल्याजवळ चिरून रक्त काढतात आणि बर्फात घालतात. पिंक पटकन नरम पडतो, त्यामुळे इथे आळस चालत नाही. पिंक दीड-दोन किलोचा, खवले बारीक. धक्क्यावर साफ करताना लोक गाभोळी आमिषाला ठेवतात नाहीतर सरळ पाण्यात टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत टाकली आणि माझा जीव खालीवर झाला. तू उभी राहा आणि मागून घे. नारिंगी असते, दाणे आपल्या गाभोळीपेक्षा कितीतरी मोठे, तेव्हा तळताना झाकण ठेव, फुटून उडतात. रावसासारखा लागतो का असं विचारलं होतंस. नाही लागत. मांस गुलाबी, वास वेगळा. नारळाच्या रसात मला तो नाही आवडला. हळद, तिखट, चिंचेचा कोळ लावून रव्यात तव्यावर छान होतो. वहिनीकडे तिरफळं आहेत, मीच पाठवलेली.

बोट लागण्याची भीती बाबांनी घातली असेल. प्युजेट साउंड म्हणजे उघडा समुद्र नाही, जमिनीत आत शिरलेलं पाणी आहे, दोन्हीकडे किनारा दिसतो. हर्णैला आजोबांच्या होडीत तू याहून जास्त हललीस. तरी आलेपाक बरोबर ठेव आणि गोळी घ्यायची तर बी.पी.च्या औषधाबरोबर चालते का ते वहिनीच्या डॉक्टरांना आधी विचारा, दोघांसाठीही. पहाटे निघायचं म्हणजे स्वेटर, कानटोपी हवीच, वरून लाइफ जॅकेट. साडी नको, वहिनीची ट्रॅकपँट घाल, तिथे कुणी बघत नाही. आणि जे तू फोनवर विचारणार नाहीस ते मी दादाला विचारलंय: या बोटीवर संडास आहे.

दादाला मी कालच सांगितलंय की ऑफिसातल्या भाऊंना नाही कळव. त्याने कळवलंय. तेव्हा आता तू नाही म्हणालीस तर जागा रिकामी जाईल आणि पैसे परत मिळणार नाहीत. पैसे वाया गेलेले तुला चालत नाहीत हे मला माहीत आहे.

पोरांना पापा. वहिनीला सांगा, कुरिअर मिळालं.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, घरपट्टी भरली, पावती तुमच्या कपाटात निळ्या फाइलमध्ये. वरच्या टाकीचा बॉलकॉक बदलला. प्लंबर म्हणतो पाइपही बदला, मी म्हटलं साहेब आल्यावर बघू.