सेवाक्षेत्र वाढले, की नुसती पाटी बदलली?

महोदय,

'उद्योगांचा वाटा घटला, सेवांचा वाढला' अशी बातमी आली की कारखाने बंद पडत आहेत असा अर्थ काढला जातो. दर वेळी तो खरा असतोच असे नाही.

एखाद्या कारखान्याचेच घ्या. पहारेकरी, सफाई कामगार, उपाहारगृहातले आचारी कारखान्याच्याच पगारपत्रकावर असतील, तर ते वस्तुनिर्माणात मोजले जातात. ही कामे कंत्राटावर दिली की तीच माणसे, त्याच फाटकाच्या आत राहून, सेवाक्षेत्रात जातात. एजन्सीमार्फत आलेला कामगार दिवसभर यंत्रावर उभा असला, तरी आस्थापनांकडून गोळा केलेल्या आकडेवारीत तो एजन्सीच्या, म्हणजे सेवांच्या खात्यात पडतो. उत्पादन मात्र एका नगानेही कमी झालेले नसते.

प्राथमिक (शेती वगैरे), द्वितीयक (उद्योग), तृतीयक (सेवा) ही विभागणी ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क यांनी १९३०-४०च्या सुमारास रूढ केली. शिकवायला ती सोपी आहे, पण प्रत्यक्ष मोजणी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक वर्गीकरणाच्या आधारे होते. त्याच्या चौथ्या आवृत्तीत २१ विभाग आहेत आणि सीमारेषा वाटतात तितक्या सरळ नाहीत. कापसातून सरकी काढणे शेतीत येते, भात भरडणे वस्तुनिर्माणात. खाणकामाला स्वतंत्र विभाग आहे. तीन क्षेत्रांत बसवताना कोणी ते प्राथमिकमध्ये धरतात, कोणी द्वितीयकमध्ये. पुस्तक प्रकाशन तिसऱ्या आवृत्तीत वस्तुनिर्माणात होते, चौथीत ते माहिती व दळणवळण विभागात गेले. आकडेवारीची जुनी-नवी मालिका न जुळवता तुलना केली, तर प्रकाशकांनी रातोरात धंदा बदलल्यासारखे दिसते.

एकच आस्थापना अनेक कामे करत असेल तेव्हा चूक हमखास होते. समजा, एकूण मूल्यवर्धनात (विक्रीतून बाहेरून घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरते त्यात) व्यापाराचा वाटा ३० टक्के, सल्लासेवेचा २०, आणि तीन वेगवेगळ्या वस्तू बनवण्याचे २०, १५ व १५ टक्के आहेत. सर्वांत मोठा एकेरी आकडा व्यापाराचा आहे म्हणून तिला व्यापारात टाकणे चूक. आधी विभागवार बेरीज करायची: वस्तुनिर्माण ५०, म्हणून विभाग तोच. मग त्याच्या आत पायरीपायरीने खाली उतरत प्रत्येक पातळीवरचा मोठा वाटा निवडायचा. हे वाटे उलाढालीवरून काढू नयेत. व्यापाऱ्याच्या उलाढालीत विकलेल्या मालाची खरेदी किंमतही असते, त्यामुळे व्यापार उगाच फुगतो.

आणखी एक गल्लत नेहमी दिसते. सरकारी-खासगी हा भेद मालकीचा आहे, कामाचा नाही. सरकारी शाळा असो वा खासगी, कामाच्या वर्गीकरणात दोन्ही शिक्षणातच येतात. घरी स्वतःसाठी पिकवलेली भाजी उत्पादनात धरली जाते. तीच भाजी घरच्याच माणसाने शिजवली तर ते काम कोणत्याही क्षेत्रात येत नाही, पगारी स्वयंपाकी ठेवला की येते. घरकामाचा एवढा मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो, हे वाटे वाचणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

म्हणून विनंती आहे की, क्षेत्रांचे वाटे छापताना वाटा मूल्यवर्धनातला आहे की रोजगारातला, किमती चालू (त्या-त्या वर्षीच्या) आहेत की स्थिर (एका ठरावीक वर्षाच्या), वर्गीकरणाची आवृत्ती कोणती आणि खाणकाम व बांधकाम कुठे धरले आहे, हे तक्त्याखाली द्यावे. दोन ओळी पुरतील.

– एक वाचक