गामाची तिकिटे दाखवा, पण पूर्ण हकिगतीसह

संपादक महोदय,
वास्को द गामाच्या भारतप्रवासाला चारशे वर्षे झाली म्हणून पोर्तुगालने १८९८ साली आपल्या वसाहतींसाठीही आठ-आठ टपाल तिकिटांचे संच काढले. गोव्याच्या संचात दीड रेईसपासून आठ टांगांपर्यंतची (ही तिथली तेव्हाची पोर्तुगीज चलने) तिकिटे होती. छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीची, आणि कोरीवकाम अप्रतिम. वडिलांच्या आल्बममधला तो संच मी आजही जपतो. जहाजांची शिडे, दोरखंड भिंगाखाली बघत राहावेत असे.

पण चित्रे काय सांगतात? गामा कालिकतला पोहोचला, एवढेच. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदराहून त्याला वाट दाखवणारा वाटाड्या त्यात नाही. १५०२ मध्ये त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज जाळले, तेही नाही. शिवाय ही तिकिटे निघण्याआधी तीनच वर्षे, १८९५ मध्ये, गोव्यातल्या सत्तरी भागात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध दादा राण्यांचे बंड पेटले होते! पुढे पोर्तुगालमधली राजेशाही गेल्यावर याच तिकिटांवर ‘रेपुब्लिका’ (प्रजासत्ताक) छापून ती पुन्हा वापरात आणली. गामा मात्र तिथेच राहिला.

ही तिकिटे अडगळीत टाकावीत असे मी मुळीच म्हणत नाही. प्रदर्शनांत ती जरूर मांडावीत. फक्त शेजारच्या पाटीवर किंमत आणि रंगाबरोबर हा इतिहासही मराठी-कोंकणीत लिहावा, ही आयोजकांना कळकळीची विनंती.

— एक तिकीट संग्राहक, फोंडा