मंजे, तो खरंच वाचतोय

बडोदा,
रविवार, रात्र

प्रिय मंजू,

फोन न करता मुद्दाम लिहितेय. फोनवर हा विषय निघाला की माझा गळा भरून येतो, आणि मग घरभर चौकशी सुरू होते. अक्षर मोठं काढलंय, एकाआड एक ओळ सोडलीय. दोन-तीन बैठकांत वाच, घाई नाही. इतके महिने गप्प राहिले त्याच्या शिव्या राखून ठेव, भेटल्यावर खाईन. इकडे सगळे ठीक. आईची शुगर ताब्यात, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझी पाठ जशीच्या तशी.

आता मुद्द्याचं. मंजे, माझा ईशान तुझ्यासारखा आहे. त्यालाही डिस्लेक्सिया असावा, डोकं तल्लख पण वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत.

आधी वाटलं लहान आहे, येईल हळूहळू. पण आता चौथीत गेला. इंग्रजीतले छोटे बी आणि डी अजून एकमेकांच्या जागी जातात. हिंदीत घ आणि ध, भ आणि म. गुजरातीला तर वरची रेघच नाही, त्यामुळे ती अक्षरं त्याला धरायलाच येत नाहीत, म्हणतो, "आई, ही पडतात." शाळेत तीन लिप्या आणि घरी आजीचा मराठीचा आग्रह. तोंडी हिशेब विचार, तुझ्या आधी सांगेल. गोष्ट एकदा ऐकली की महिन्यानंतरही शब्दाला शब्द. पण पुस्तक पुढे ठेवलं की पोटात दुखतं, तहान लागते, शू लागते. ही सगळी कारणं मी कुणाकडून ऐकलीत ते तुला माहीत आहे.

त्याचा बाप निखिल म्हणतो, लक्ष देत नाही. वहीत टीचरचा शेरा, निष्काळजी.

तर गणूने वाढदिवसाला त्याला एक पुस्तक आणलं, 'द लाउड हाउस'. तुझ्या लेकीला विचार, तिला कार्टून माहीत असेल. 2016 पासून निकलोडियनवर चालू आहे. एका घरात अकरा मुलं, दहा मुली आणि मधोमध एकटा लिंकन, आणि सकाळी बाथरूमपुढे रांग. ज्याने हे काढलं तो स्वतः दहा भावंडांत वाढलेला, त्यामुळे त्यातली भांडणं खरी आहेत. कोण पुढच्या सीटवर बसणार, शेवटचा तुकडा कुणाचा. आपल्या दांडिया बाजारच्या वाड्यात मे महिन्यात जे चालायचं तेच, फक्त मिशिगनमध्ये. त्या मालिकेवरून 2017 पासून कॉमिकची पुस्तकं निघतायत, त्यातलं हे एक.

ईशानने ते दप्तरात घालून शाळेत नेलं. वाचनाच्या तासाला काढलं. टीचरनी काढून घेतलं आणि डायरीत लिहिलं की वाचनाच्या तासाला वाचनाचंच पुस्तक पाठवावं. सासूबाई म्हणाल्या, बरोबरच आहे, टीव्ही छापला म्हणून पुस्तक होतं का? मला इतका राग आला, मंजे! ज्या गावात सयाजीरावांनी 1906 साली शिक्षण सक्तीचं केलं, 1910 मध्ये थेट अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयं उभारली आणि त्यात मुलांसाठी चित्रांची, खेळांची वेगळी खोली ठेवली, त्या गावात आज एका मुलाला सांगतात की चित्रं असली तर ते वाचन नाही.

पण रात्री राग उतरला आणि भीती बसली. कारण मला तू आठवलीस. सहावीत धडा वाचायला तुला उभं केलं होतं. आदल्या रात्री ओट्यावर मी तुला तो वाचून दाखवलेला, आणि तू पुस्तक डोळ्यांसमोर धरून सगळा पाठ म्हणत होतीस, थेट स्वल्पविरामासकट. मग तुझ्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली आणि तू मधल्या, न दिसणाऱ्या पानावरचं बिनचूक म्हणत राहिलीस! बाईंना आधी कळेचना की बिघडलंय काय. मागच्या बाकावर आम्ही हसून हसून लोळलो. तू नाही हसलीस.

तेच हा करत असेल तर? या मालिकेचे भाग त्याला पाठ आहेत, सगळ्या बहिणींचे आवाज काढतो. मला वाटलं, चित्र बघतोय आणि टीव्हीवरचं ऐकलेलं म्हणतोय. वाचतच नाहीये. मग टीचरचं खरंच म्हणायचं.

पुस्तक शाळेतून परत मिळाल्यावर मी त्याच्याशेजारी बसून नीट बघितलं. मंजे, त्यातल्या गोष्टी टीव्हीवरच्या नाहीतच. माणसं तीच, घर तेच, पण गोष्टी नव्या लिहिलेल्या, चार-सहा पानांच्या. त्या त्याला पाठ असणं शक्यच नाही. आणि तो हसत होता ते बरोबर जागी. त्यात ल्यूसी म्हणून एक आहे, काळे कपडे, कविता करते, कुणाच्याही मागे अचानक उगवून दचकवते. टीव्हीवर ती नुसती उगवली की झालं. पुस्तकात कशी उगवणार? पान उघडलं की सगळी चित्रं एकदम दिसतात, ती आधीच उभी असलेली दिसणार. म्हणून चित्रकार तिला पान उलटल्यावरच्या पहिल्या चौकटीत ठेवतो. ईशान डाव्या हाताने पान धरून बोलण्याचा शेवटचा फुगा वाचत होता, ओठ हलत होते, मग उलटलं आणि खो खो हसला. फुगा वाचला नसता तर त्या चित्रात हसण्यासारखं काही नव्हतं.

अजून ऐक. त्या अकराही मुलांची नावं एल अक्षराने सुरू होतात. आपल्या वर्गात दोन सुनीता होत्या तर बाई गोंधळायच्या. त्यात एक लूना, गिटारवाली, आणि एक लुआन, दातांना तार लावलेली, सारखे विनोद मारणारी. इंग्रजीत दोन्ही नावांना अक्षरं तीच चार, फक्त शेवटची दोन उलटी. त्याच्यासाठी याहून वाईट सापळा कुणी रचू शकला नसता. एका चौकटीत नुसता फुगा होता, त्यात कुणीतरी एका बहिणीला हाक मारतंय, पण ती चित्रात नाही. मी मुद्दाम विचारलं, कुणाला हाक मारली? त्याने बोट ठेवलं, एल, यू, मग थांबला. कपाळाला आठ्या. मग म्हणाला, "आधी ए आहे, मग एन. म्हणजे लुआन. आता ती फालतू जोक मारणार." पुढच्या चौकटीत तिने मारला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत रडले.

नंतर माझ्या लक्षात आलं की त्या पुस्तकात सगळं कॅपिटल अक्षरांत आहे. कॉमिकमध्ये बहुधा तसंच असतं. मोठा बी आणि मोठा डी कुणी उलटे करून दाखवावेत! ते वेगळेच दिसतात. त्याचा रोजचा शत्रूच तिथे नाही. एका फुग्यात सात-आठ शब्द, ओळ हरवायला जागा नाही, आणि अडला तर चित्र हात देतं. टीव्हीवर पुढचं वाक्य थांबत नाही, वर्गात चाळीस मुलं मान वळवून वाट बघतात. इथे त्याची वाट बघणारं कुणी नाही. एका चौकटीवर तो पाहिजे तेवढा वेळ राहतो, मागे जातो, परत येतो. मला तर वाटतं मुलांच्या विनोदी पुस्तकांचं याहून मोठं काम नाही. हसायला मिळणार म्हणून मूल त्रास सोसतं. धड्याच्या शेवटी काय मिळतं? प्रश्न.

आता खरी अडचण. मी मानसशास्त्रज्ञांकडे वेळ घेतलीय, गुरुवारची, याची रीतसर तपासणी करायला. त्या म्हणाल्या, आठ वर्षांनंतर नीट निदान होतं, म्हणजे आत्ताच योग्य वेळ. कागद मिळाला तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत सीबीएसई तासाला 20 मिनिटं जादा देतं, 2016 च्या अपंग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया धरलेला आहे. पण त्या कायद्याच्या नावातल्या त्या शब्दाशीच निखिल अडलाय. म्हणतो, पोराच्या कपाळावर शिक्का कशाला? कॉमिकने वाचायला लागलाय ना, मग वाचू दे. सासूबाईंना तर सांगितलेलंच नाही. आणि मी निखिलला आळशी बाप म्हणू शकत नाही, रात्री अकराला तोच ईशानला मांडीवर घेऊन ल्यूसीचा आवाज काढतो.

तुला आठवतं ना, मी बाईंना जाऊन सांगितलं होतं की मंजूला अक्षरं दिसतात पण जागेवर राहत नाहीत. तू आख्खी नवरात्र माझ्याशी बोलली नाहीस. गरब्यात समोरासमोर आलो की माझ्या दांडीला दांडी न लावता पुढे सरकायचीस, सगळ्या गल्लीसमोर. मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते, सांगितलं ते बरं केलं. त्यानंतर तुला उभं करणं थांबलं. तुझं म्हणणं, गुपित माझं होतं, तू कोण सांगणारी. या भांडणाचा निकाल लागलेला नाही, आणि मला तो आता हवाय, कारण या वेळी गुपित माझ्या पोराचं आहे.

तुला त्याचं नाव कळलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्या रात्री एसटीडी बूथवरून फोन करून तू म्हणालीस, "सुमे, मी ढ नव्हते." आठवतंय? मला विचारायचंय ते एवढंच. ते नाव नवव्या वर्षी कळलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, की आणखी लाज वाटली असती? मला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नकोस. डॉक्टर, टीचर, निखिल, कुणालाच हे आतून माहीत नाही. तुला आहे.

तुझा नवा फ्लॅट लागला का? लिफ्ट चालू झाली? गुडघ्याला ते तेल लाव, हसू नकोस, बाबांना उतार पडला. लेकीचं अ‍ॅडमिशन कुठे झालं ते कळव. मे महिन्यात येणार असाल तर आत्ताच सांग, सेवउसळीला घरात तिखट कुणी खात नाही, वेगळी करावी लागते.

बुधवारी संध्याकाळी फोन कर, सहा ते सात. निखिल ऑफिसात असतो, सासूबाई देवळात.

तुझी,
सुमी

ता. क. लेकीकडे 'लाउड हाउस'चे जुने भाग पडले असतील तर कुरिअरने धाड. याच्याकडे एकच भाग आहे आणि त्याची पानं शिवणीतून सुटायला आलीत.