रक्तात आठवणी असतील, तर खोटे सहाशे वर्षे टिकले कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या वॅम्पायर आणि वेअरवूल्फ यांच्या मारधाडपटांविषयीचा लेख वाचला. असले चित्रपट पाहताना कथा शोधत बसू नये, हाणामारी पाहावी आणि घरी यावे, अशा अर्थाचे विधान लेखकाने केले आहे. ते मला मान्य नाही. मी नोकरीची एकतीस वर्षे एका विमा कार्यालयात मृत्यूदावे तपासण्यात घालवली आहेत आणि कागदावर मेलेला माणूस खरोखरच मेला आहे का, असे विचारण्याची खोड मला निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीचा नातू आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्या हट्टापायी ‘अंडरवर्ल्ड’ या मालिकेचे पाचही चित्रपट मी ओळीने पाच रात्री पाहिले, म्हणून हे पत्र.

पहिला चित्रपट २००३चा. रक्त पिऊन जगणारे वॅम्पायर आणि लांडग्याचे रूप घेणारे वेअरवूल्फ, म्हणजेच लायकन, यांचे शतकानुशतके चाललेले युद्ध, त्यात सेलिन ही वॅम्पायर योद्धी आणि ज्याच्या रक्तात दोन्ही वंशांचा संकर पेलण्याची ताकद आहे असा मायकेल हा तरुण डॉक्टर, असा त्याचा मामला आहे. बुडापेस्टमध्ये चित्रित केलेल्या त्या निळसर, पावसाने भिजलेल्या रस्त्यांना स्वतःचे एक रूप आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सुमारे सव्वादोन कोटी डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात नऊ कोटींहून अधिक डॉलर मिळवले, तेव्हा पुढचे भाग निघणार हे उघडच होते. माझी तक्रार भाग निघाल्याची नाही, प्रत्येक नव्या भागाने जुन्या भागात दिलेला शब्द फिरवल्याची आहे.

आता पहिल्याच चित्रपटातला दावा तपासू. लायकनांचा म्होरक्या लुशियन सहा शतकांपूर्वी मारला गेला, अशी वॅम्पायरांच्या दप्तरी नोंद आहे. त्याला मारल्याचा दावा करणारा क्रेवन हा त्या चढाईतून जिवंत परतलेला एकटाच माणूस, म्हणजे दुसरा साक्षीदार नाही. पुरावा काय, तर लुशियनच्या दंडावरून कापून आणलेला, डाग दिलेल्या कातडीचा तुकडा. प्रेत नाही, पंचनामा नाही, आणि दावेदाराला बक्षीस म्हणून वॅम्पायरांच्या वाड्याचा सगळा कारभार. आमच्या विभागात नव्याने लागलेल्या कारकुनानेसुद्धा ही फाईल ‘चौकशीसाठी’ असा शेरा मारून परत पाठवली असती. लुशियन जिवंत असतो, क्रेवन त्याला फितूर असतो, हे प्रेक्षकाला पहिल्या तासातच कळते. ज्यांचे आयुष्यच शत्रूचा माग काढण्यात गेले, त्या अमर योद्ध्यांच्या मनात मात्र सहाशे वर्षांत शंकेची पालसुद्धा चुकचुकत नाही.

हेही एकवेळ चालवून घेता आले असते, कारण गाफीलपणा माणसांत असतो तसा वॅम्पायरांतही असू शकेल. अडचण अशी की या जगात रक्तातून आठवणी जातात, हा नियम चित्रपटानेच घालून दिला आहे. लुशियन मायकेलला चावतो आणि मायकेलला लुशियनचे सहाशे वर्षांपूर्वीचे दुःख स्वप्नासारखे दिसू लागते. शवपेटीत निजलेल्या व्हिक्टर या ज्येष्ठाला, म्हणजे वॅम्पायरांच्या एका प्रमुखाला, सेलिन आपल्या रक्ताने जागे करते, तेव्हा तिच्या आठवणी त्याच्यापर्यंत पोहोचतात. मग क्रेवनच्या रक्ताचा एक थेंब चाखून बघावा, असे सहाशे वर्षांत एकाही ज्येष्ठाला का सुचले नाही? रक्त चाखणे हाच ज्या समाजाचा नित्याचा आहार, त्यात खोटी साक्ष टिकावी कशी? या प्रश्नाच्या जवळपास जाणारे एकच स्पष्टीकरण चित्रपटात आहे. सेलिनला सवय नसल्यामुळे तिच्या आठवणी आपल्याकडे विस्कळीत पोहोचल्या, असे व्हिक्टर म्हणतो. ठीक आहे, म्हणजे या विद्येला सराव लागतो, अशी मी मनाशी नोंद केली. पहिल्या भागाच्या शेवटी मात्र मेलेल्या लायकन शास्त्रज्ञाचे जमिनीवर सांडलेले रक्त ओघळत मार्कस या दुसऱ्या ज्येष्ठाच्या शवपेटीत उतरते आणि २००६च्या दुसऱ्या भागात तेवढ्याने त्याला सगळे नीट उमगलेले असते. जिवंत आणि इमानी सेलिनला जे जमले नाही, ते मेलेल्या शत्रूला कसलाही सराव नसताना जमले.

याच दुसऱ्या भागात जी गोष्ट उघड होते, तिने तर मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. विल्यम हा पहिला वेअरवूल्फ, मार्कसचा जुळा भाऊ. १२०२ साली त्याला पकडून एका गुप्त कोठडीत डांबण्यात आले आणि ती कोठडी बांधणारा माणूस सेलिनचा बाप होता. ठिकाण कोणाला कळू नये म्हणून व्हिक्टरने तिच्या सगळ्या कुटुंबाची कत्तल केली, पण सेलिनमध्ये त्याला आपल्या मेलेल्या मुलीचा भास झाला म्हणून तिला सोडले. नुसते सोडले असेही नाही, तिला अमर केले. लहानपणी बापाबरोबर ती कोठडी पाहिलेली एकमेव व्यक्ती, जिच्या रक्तात त्या जागेचा नकाशा आहे, तिला अमर करून शेकडो वर्षे आपल्याच वाड्यात वाढवायचे, आणि तेही अशा जमातीत जी रक्त पिऊन गुपिते वाचते! म्हणजे तिजोरी कोणाला उघडता येऊ नये म्हणून घरातल्या सगळ्यांना मारायचे आणि किल्ली तेवढी दिवाणखान्यात टांगून ठेवायची. व्हिक्टरचे पुत्रीप्रेम मला समजते. बिल नाय या नटाने ते बर्फासारख्या थंड डोळ्यांतूनही दाखवले आहे. पण प्रेम आंधळे असते एवढे म्हणून ही फट बुजत नाही, कारण बाकी सर्व बाबतींत चित्रपट व्हिक्टरला अतिशय धूर्त म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

लेखकाने असेही लिहिले आहे की, भुताखेतांच्या गोष्टीत तर्क कसला. मला वाटते, तर्क सर्वांत जास्त तिथेच लागतो. जिथे काहीही घडू शकते, तिथे काय घडू शकत नाही हे आधी ठरवावे लागते. आपल्याकडे प्रल्हादाची गोष्ट पोरासोरांना ठाऊक असते. हिरण्यकशिपूला मरण दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही. गोष्ट यातली एकही अट मोडत नाही. सांजवेळ, उंबरठा, मांडी, नखे, आणि अर्धा माणूस अर्धा सिंह. ऐकणारे मूल अटी मोजत असते आणि प्रत्येक अट पाळूनच वध झाला याचा त्याला आनंद होतो. मायकेलही दोन जातींचा संकर आहे, पण तो कोणत्या अटीचे उत्तर आहे, हे पाच चित्रपट पाहूनही मला सांगता येणार नाही.

ब्रॅम स्टोकरची १८९७ची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी काढून पाहावी. ड्रॅक्युलाला विसाव्यासाठी मायदेशाची माती लागते, म्हणून तो मातीने भरलेले पन्नास खोके इंग्लंडला नेतो. त्याचा माग काढणारी मंडळी डायऱ्या, पत्रे, तारा एकत्र करून तारीखवार लावतात, माल वाहणाऱ्यांकडे चौकशी करतात आणि एकेक खोका निकामी करीत जातात. एकोणपन्नास झाले, एक उरला, आणि पळणारा ड्रॅक्युला त्या एका खोक्याला बांधला गेला. एका मर्यादेतून केवढा पाठलाग उभा राहिला! (गंमत म्हणजे त्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. सूर्यप्रकाशाने वॅम्पायर नष्ट होण्याची कल्पना १९२२च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने रूढ केली. म्हणजे नियम बदलायला माझी मुळीच हरकत नाही, फक्त बदललेला नियम शेवटपर्यंत पाळावा.)

‘अंडरवर्ल्ड’च्या कर्त्यांना हे येत नव्हते असेही नाही. पहिल्या चित्रपटात सेलिन लायकनांची एक गोळी घेऊन शस्त्रागारात येते. गोळीच्या पोटात निळसर प्रकाशणारा द्रव आहे. लायकनांनी जणू सूर्यप्रकाशच बाटलीत भरून बंदुकीत घातला आहे. थोड्याच वेळात वॅम्पायरांचा शस्त्रकार त्यावर उतारा शोधतो. चांदीची घन गोळी लायकन शरीरातून उपसून काढतात, म्हणून तो गोळीत सिल्व्हर नायट्रेट भरतो, जे सरळ रक्तात मिसळते आणि उपसता येत नाही. दोन जुने नियम, त्यांतून निघालेली दोन शस्त्रे, आणि तीही प्रत्येकाच्या दुबळेपणाला नेमकी भिडणारी. असे आणखी चार प्रसंग असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

तिसरा भाग, २००९चा, काळात मागे जातो. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे तो सर्वांत कंटाळवाणा असेल, असे मी गृहीत धरले होते. पण पाचांत कथा म्हणून तोच उभा राहतो. वॅम्पायरांना उन्हात जाता येत नाही, म्हणून त्यांना दिवसा पहारा देणारे कोणीतरी हवे. म्हणून लायकन गुलाम निपजवले जातात. म्हणून लुशियन वाड्याच्या आत वाढतो. म्हणून व्हिक्टरची मुलगी सोन्या त्याच्या प्रेमात पडू शकते, आणि ज्या उन्हामुळे हे सगळे सुरू झाले त्याच उन्हात बाप तिला मृत्युदंड देतो, साखळदंडांनी जखडलेल्या लुशियनच्या डोळ्यांदेखत. इथे प्रत्येक घटनेला मागच्या घटनेचा आधार आहे. एक वाडा, तीन माणसे, एक नियम. याहून जास्त भांडवल लागत नाही.

पुढच्या दोन भागांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१२च्या चौथ्या भागात मनुष्यजातीला या दोन्ही जमातींचा शोध लागतो, ही कल्पना एकटीच एका चित्रपटाला पुरली असती, पण ती सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकली जाते. सेलिन बारा वर्षे बर्फात गोठवलेली असते, जागी होते तेव्हा तिला एक मुलगी असल्याचे कळते, आणि ज्याच्यासाठी पहिल्या दोन भागांतले सगळे रामायण घडले तो मायकेल नावापुरताच दिसतो. २०१६च्या पाचव्या भागात तर तो मेल्याचे उरकून टाकले जाते. शिवाय सेलिन दर भागागणिक जास्त अजिंक्य होत जाते. दुसऱ्या भागाच्या शेवटी तिला ऊन बाधेनासे होते, चौथ्यात ती मेलेल्या तरुणाचे हृदय हाताने चालवून त्याला उठवते, पाचव्यात स्वतः बर्फाळ पाण्यात मरून अधिक चपळ होऊन परतते. मरणाची भीतीच उरली नाही, तर त्या तलवारी आणि बंदुका कशाला? लेखकाला प्रिय असलेल्या हाणामारीचा जीवसुद्धा कथेतच असतो. पहिल्या भागात सेलिन व्हिक्टरवर तलवार चालवते, तो क्षणभर तसाच उभा राहतो, चेहऱ्यावर एक तिरकी लाल रेघ उमटते आणि मग अर्धे डोके घसरते. हा प्रसंग अंगावर येतो, कारण ज्याला तिने बाप मानले त्यानेच तिचे घर संपवले, हे आपल्याला तोवर कळलेले असते. चौथ्या-पाचव्या भागांत याहून कितीतरी जास्त रक्त सांडते आणि त्यातले काहीही लक्षात राहत नाही.

आपल्या परीक्षणांत अशा चित्रपटांना तंत्र, संगीत, साहसदृश्ये यांसाठी तारे दिले जातात. कथेसाठी दोन ओळी तरी खर्च कराव्यात आणि तिच्यात कोणते वचन दिले व कोणते पाळले, हे वाचकाला सांगावे, एवढीच विनंती आहे.

पाचवा चित्रपट संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. नातू पेंगुळला होता, तरी त्याने विचारले, “आजोबा, सेलिनची मुलगी अख्ख्या पिक्चरमध्ये कुठे होती?” ती शेवटी ओझरती दिसली, म्हणजे पुढच्या भागात येणार असेल, असे सांगून मी त्याला झोपवले. दुसऱ्या दिवशी शोधून पाहिले, तर २०१६ नंतर पुढचा भाग आलेलाच नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक, सातारा