चौथा उद्गार

पुणे,
९ मार्च २०२६

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर हे बोलणं जमलं नसतं. आई, परवा बोलता बोलता तू एकदम आवाज बारीक केलास, तेव्हाच कळलं की बाबा शेजारच्या खोलीत आहेत. मग मलाही मोकळं बोलवेना. म्हणून लिहायला बसले. दोघं मिळून वाचा. बाबांना अक्षर लागलं नाही तर आई, तू मोठ्याने वाच, पण मधलं काही गाळू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

तू सांगितलंस त्यावरून मला समजलं ते असं. गुरुवारी आपल्याकडे प्रार्थनासभा होती. बाहेरगावाहून आलेल्या प्रचारकांनी संदेश दिला आणि बोलण्याच्या ओघात म्हणाले, कोरोनात पुष्कळ घरांतली माणसं गेली, पण जिथे विश्वास पक्का होता तिथे प्रभूने राखलं. बाबा उठले, चपला घातल्या, अंगणात जाऊन दादाच्या स्प्लेंडरवरचं कापड काढलं आणि गाडी चालू केली. समारोपाच्या प्रार्थनेपर्यंत ती तशीच धडधडत होती. आता तुझं म्हणणं, बाबांनी त्या प्रचारकांची माफी मागावी. आणि खरी भीती वेगळीच, ती तू सगळ्यात शेवटी बोललीस: "ह्यांचा विश्वास उडालाय गं. जेवायच्या आधी प्रार्थना करत नाहीत. नुसती मान खाली घालून बसतात."

माफीचं आधी सांगते. मागू नका. पोहे खाऊन गेले ना पाहुणे? मग झालं.

विश्वास पक्का होता तिथे राखलं, हे ज्याने म्हटलं त्याला एप्रिल २०२१ मधली माझी एक रात्र दाखवायला हवी होती. आमच्या वॉर्डात दोन कॉट शेजारी शेजारी होत्या. दोन्ही पेशंट चाळिशीच्या आतले. दोघांना तीच औषधं, दोघांना पालथं झोपवलेलं, दोघांच्या आया खाली पार्किंगमध्ये बसून होत्या. एक जपमाळ ओढत होती, दुसरी अखंड काहीतरी पुटपुटत होती. पहाटे एकाचं सॅच्युरेशन ९२ वर आलं, दुसऱ्याचं ६० च्या खाली गेलं ते परत वर आलंच नाही. विश्वास मोजायचं यंत्र असतं तर मी दोघींना लावून बघितलं असतं. त्याच आठवड्यात नगरला दादा होता आणि मी तिथे नव्हते.

बाबा, आता तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

मी चौथीत होते. कंपाउंडमधल्या एका घरातलं लहान मूल तापाने गेलं. तुम्ही मंडळीचे पंच, त्यातून शाळेत मराठी शिकवणारे, म्हणून कबरस्तानात दोन शब्द बोलायला तुम्हालाच उभं केलं. तुम्ही म्हणालात, माळी बागेत येतो तेव्हा सगळ्यात सुंदर फूल खुडून नेतो. बायका रडल्या, पुरुषांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य इतकं आवडलं की शाळेतल्या निबंधात घातलं. त्या मुलाच्या आईकडे मात्र मी बघितलं नव्हतं. तुम्ही तरी बघितलं होतंत का?

दादाच्या मातीला आपण मोजून सहा माणसं. पीपीई किटमधले दोघं दोर सोडत होते. तेव्हा लांब उभ्या असलेल्या कुणीतरी तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवलं. माळी, बाग, फूल. मास्कच्या वर फक्त तुमचे डोळे दिसत होते. ते डोळे मी अजून विसरले नाही. त्या दिवसापासून तुम्ही कुणाच्याच मातीला बोलायला उभे राहिला नाहीत. लोकांना वाटतं तुम्ही खचलात. मला वाटतं, त्या दिवशी तुम्हाला त्या चौथीतल्या वर्षाची ती आई दिसली.

देव चांगला आहे, तर हे का? तुम्ही आम्हाला लहानपणी शिकवलेलं उत्तर मला पाठ आहे. देवाने माणसाला मोकळीक दिली, माणसाने ती वाईटाकडे वापरली, म्हणून जगात दुःख आलं. ते उत्तर मी टाकून दिलेलं नाही. दारू पिऊन कुणी गाडी घालतं, कुणी बेड विकतं, कुणी सिलिंडर दडवून ठेवतं, तिथे ते बरोबर लागू पडतं. पण तुम्हीच किल्लारीला गेला होतात ना? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. मंडळीच्या मदतीच्या ट्रकबरोबर तुम्ही गेलात आणि आठ दिवसांनी परत आलात ते बोलेनात. कितीतरी दिवसांनी एवढंच म्हणालात की दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं धाबं, आणि सगळं झोपलेल्यांच्या अंगावर. भिंती तशा होत्या ह्यात गरिबी होती, माणसाची चूक होती, मान्य. पण जमिनीने कोणत्या मोकळिकीचा गैरवापर केला?

येशूच्या काळातही लोक असाच हिशेब मांडायचे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला, असं त्याने विचारलं आणि स्वतःच सांगितलं, नाही. (पुढचं वाक्य कडक आहे, पश्चात्तापाचं, ते लपवत नाही. पण ते ऐकणाऱ्या जिवंतांसाठी आहे. मेलेल्यांचा निकाल त्याने लावला नाही.) हा उतारा प्रचारकांच्या पवित्र शास्त्रातही असणारच.

आई, ईयोबाचं पुस्तक तुला कधीच आवडलं नाही. "त्याने विचारलं काय आणि देव सांगतोय काय," असं तू म्हणायचीस आणि बाबा हसायचे. खरंच आहे. माणूस राखेत बसून मेलेल्या लेकरांबद्दल विचारतोय आणि देव त्याला रानगाढव, शहामृग आणि समुद्राच्या गोष्टी ऐकवतोय. का, ते शेवटपर्यंत सांगत नाही. पण मला त्यात दोन गोष्टी दिसतात. ते तिघे मित्र पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. आणि शेवटी देवाचा राग कुणावर? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर.

पण गेली पाच वर्षं मी फिरून फिरून येते ती योहानाच्या अकराव्या अध्यायाकडे. लाजर आजारी आहे, बहिणींनी निरोप धाडलाय, येशूचं त्यांच्यावर प्रेम आहे, हे सगळं लिहिलंय. आणि लगेच लिहिलंय की तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. पोहोचला तेव्हा माणूस कबरेत जाऊन चार दिवस झाले होते. मार्था वाटेतच गाठते आणि म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मरता ना." थोड्या वेळाने मरिया येते आणि तेच म्हणते. घरात चार दिवस दोघींचं तेच चाललं असणार. आई, हे वाक्य माझं आहे. मी ते देवाला म्हटलंय आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही म्हटलंय. मी इथे परक्यांचे ऑक्सिजन मास्क सरळ करत होते. मी तिथे असते तर?

येशू त्यांना रागावत नाही. विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. दोन दिवस का थांबलो ह्याचा खुलासा त्या दोघींना देत नाही. तो रडतो. आता पाच मिनिटांत लाजराला हाक मारून कबरेतून उठवायचं आहे हे ज्याला माहीत आहे, तो आधी रडतो. मला ह्याचं कोडं अजून उलगडलेलं नाही. पण मरणाला जो "योजना" म्हणून पसंत करतो, तो असा रडेल का?

लाजर परत आला, आपला दादा आला नाही, हे मला दिसतं. मी काही आंधळी नाही. लाजरही पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असेल आणि बहिणी पुन्हा रडल्या असतील. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, दादाला भेटेन ह्यावर आहे. पण त्या भेटीच्या आशेने आजचं रिकामं ताट भरत नाही, आणि ते भरलंच आहे असं सोंग करायला मला प्रभूने कुठे सांगितलेलंही नाही.

परवा पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या केडगाववरून एसटी गेली तेव्हा पणजीची आठवण झाली. १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी ज्या मुली आणल्या, त्यांतली ती. तिचं गाव कोणतं, आईबाप कोण, कुणालाच ठाऊक नाही. रमाबाईंनी स्वतः दुष्काळ भोगला होता. सोळा-सतरा वर्षांच्या असताना वडील, आई, थोरली बहीण पाठोपाठ गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. म्हातारपणी एकुलती एक मनोरमा गेली आणि वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या. दुष्काळ पडला म्हणून आज आपलं घराणं आहे, त्यातही देवाचा हेतू होता, असं मला कुणी सांगितलं तर मीही अंगणात जाऊन गाडी चालू करीन. दुष्काळात माणसं मेली, बस. आपलं घराणं आहे ते एक बाई पोरींना आणायला गेली म्हणून. देव शोधायचा तर मी तिथे शोधते.

आता उत्तम शुक्रवारचं. पाळकसाहेबांनी यंदा पुन्हा बाबांना वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांपैकी चौथ्या उद्गारावर बोलायला विचारलं आणि बाबांनी नाही म्हटलं, हेही तू सांगितलंस. तो उद्गार वर्षानुवर्षं बाबांचाच. बारा ते तीनच्या उपासनेत सात जण सात उद्गार घ्यायचे, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ह्यावर बाबा वीस मिनिटं इतकं सुंदर समजावून सांगायचे की तो प्रश्न होता हेच आम्ही विसरून जायचो. बाबा, तो प्रश्नच आहे. तुमचाच. देवाच्या पुत्राने तो सगळ्यांच्या देखत, मोठ्याने विचारला आणि त्या दुपारी आकाशातून कुणी उत्तर दिलं नाही. मग जेवणाच्या ताटापुढे तुम्ही गप्प बसता तेव्हा तुम्ही देवापासून लांब गेलात असं मी कसं म्हणू?

आई, रोमकरांस पत्रातलं "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात" हे वचन तू दिवाणखान्यात लावलंयस. काढू नकोस. पण त्याच्या दोनच वचनं वर काय आहे ते एकदा वाच. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मागतो. बाबांचं मान खाली घालून बसणं मी त्यात धरते. स्प्लेंडरची धडधडही धरली असती, पण ते जरा अतीच होईल.

बाबा, पाळकसाहेबांना हो म्हणा, असा माझा आग्रह आहे. समजावून सांगू नका. उभे राहा, ती ओळ वाचा आणि खाली बसा. वीस मिनिटं उरली तर लोक बसतील गप्प. ईयोबाचे मित्र सात दिवस बसले होते.

शनिवारी मला सुट्टी आहे. वाकडेवाडीहून सकाळची पहिली एसटी धरते, जेवायच्या आत पोहोचेन. आई, सुकट करशील का, कांदा जास्त घालून? आणि बाबा, ती गाडी दर शनिवारी दहा मिनिटं नुसती उभ्या उभ्या चालवून बॅटरी टिकेल, पण टायर जातील. ह्या वेळी मी चालवते, तुम्ही मागे बसा. कबरस्तानापर्यंत जाऊन येऊ. हवा भरून ठेवा, आणि टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा.

तुमची,
ताई